पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल, तर : परदेशी कामाला जाणाऱ्या गोमंतकीयांनी आंतरराष्ट्रीय कायदा कसा वापरावा

डिचोलीच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझे टेबल आहे. पासपोर्टचे अर्ज, रहिवासी दाखले, विम्याचे दावे, बँकेचे कागद मी तिथे भरून देतो. २०१२ साली खाणी बंद पडल्या, नंतर सुरू झाल्या, २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, आणि माझ्याकडे येणाऱ्या कागदांची जातच बदलली. आधी ट्रकच्या हप्त्यांचे कागद यायचे. मग मस्कत, दोहा, कुवेत यायला लागले.

एका दुपारी साखळीकडची एक वहिनी आली. टेबलासमोर उभ्यानेच तिने फोनवर नवऱ्याचा आवाज ऐकवला. चार महिने पगार नाही, पासपोर्ट कफीलकडे (म्हणजे तिथल्या मालकाकडे), खोलीबाहेर गेलास तर पोलिसांत देईन म्हणतो, कुणाला तरी सांग. तिने सोबत आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद निघाले : व्हिसाची फिकट झेरॉक्स, विमानाचे तिकीट आणि वहीच्या फाडलेल्या पानावर एजंटने लिहिलेला साठ हजारांचा आकडा. त्यावर सही नाही, शिक्का नाही. करारनामा विचारला, तर म्हणाली, "तो तिथं गेल्यावर देतो म्हणाले होते."

कायदा त्या माणसाच्या बाजूने होता, तोही चांगला भक्कम. पण कायद्याला धरायला कागद लागतो, तारीख लागते, आणि तक्रार कायद्याला कळेल अशा शब्दांत लिहावी लागते. "मला इथे फार त्रास आहे" या वाक्यावर जगातले कुठलेही कार्यालय हलत नाही. "अमुक तारखेला माझा पासपोर्ट काढून घेतला, अमुक तारखेपासून पगार रोखला" यावर हलते. तेवढ्यासाठी हा लेख. आखातात जाणारे, बोटीवर जाणारे तारवटी आणि त्यांच्या घरची माणसे, सगळ्यांनी वाचावा. शेवटाकडे आपल्याकडे कामाला येणाऱ्यांबद्दलही लिहिले आहे.

पहिली पायरी : कोणता करार आपल्या कामाचा, ते ओळखा

स्थलांतरित कामगारांसाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र करार आहे. १८ डिसेंबर १९९० रोजी तो मंजूर झाला आणि १ जुलै २००३ पासून लागू झाला. १८ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन त्यावरूनच आला. आपण दुसऱ्या दिवशी, एकोणीसला, गोवा मुक्तिदिनाचे झेंडे लावतो, त्याच्या आदल्या दिवशी जगभर हा दिवस पाळतात. या कराराच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की कायद्याने अधिकार दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याखेरीज कुणालाही कामगाराचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र जप्त करता येत नाही, आणि पासपोर्ट नष्ट तर कुणालाच करता येत नाही.

वाचून बरे वाटते. पण भारताने हा करार स्वीकारलेला नाही आणि आखातातल्या सहापैकी एकाही देशाने तो स्वीकारलेला नाही. श्रीलंका, बांगलादेश, फिलिपिन्स, इंडोनेशिया यांनी स्वीकारला आहे. आपण नाही, याची मला मनापासून खंत आहे. त्यामुळे समाजमाध्यमांवर या कराराचे फोटो फिरतात ते बघून तक्रारीत त्याच्यावरच भिस्त ठेवू नका. समोरचा एका ओळीत सांगेल, की हा करार आमच्यावर बंधनकारक नाही.

मग बंधनकारक काय आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३०चा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार, क्रमांक २९. हा आकडा पाठ करा. सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन या सहाही देशांनी तो स्वीकारला आहे. भारताने १९५४ सालीच स्वीकारला. सक्तीची मजुरी कशी ओळखायची, यासाठी या संघटनेने अकरा खुणा दिल्या आहेत. त्यांतल्या आपल्या माणसांच्या वाट्याला येणाऱ्या अशा : ओळखपत्रे काढून घेणे, पगार रोखून धरणे, कर्जात अडकवून काम करवून घेणे, फसवून नेणे, हिंडण्याफिरण्यावर बंदी, धाकदपटशा, अतिरेकी जादा तास, राहण्याची असह्य जागा. वहिनीच्या नवऱ्याच्या त्या एका निरोपात यांपैकी निदान चार खुणा होत्या. त्या त्याने त्या नावांनी सांगितल्या नव्हत्या, एवढेच.

याखेरीज दोन करार सहाही देशांना लागू आहेत. एक वंशभेदाविरुद्धचा आणि दुसरा स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा. वंशभेदाच्या समितीने २००४ साली परकीय नागरिकांबद्दल जे भाष्य दिले, त्यात पासपोर्ट अडकवून ठेवणे आणि कर्जाची वेठबिगारी यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. घरकामाला गेलेल्या बायकांसाठी स्त्रीहक्क समितीचे २००८चे स्थलांतरित स्त्री कामगारांवरील भाष्य कामाला येते. नागरी व राजकीय हक्कांचा मोठा करार कुवेत, बहारीन आणि कतार यांनी स्वीकारला आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे करार पाळता आला नाही एवढ्याच कारणाने कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, आणि कलम १२ प्रमाणे कुणालाही कुठलाही देश सोडण्याचे स्वातंत्र्य आहे. सौदी, अमिराती आणि ओमान या करारात नाहीत. म्हणून तक्रार लिहायला बसण्याआधी देश कोणता ते बघायचे, आणि मगच करार निवडायचा.

हे कागदी घोडे आहेत, असे मला पुष्कळ जण सांगतात. त्यांना मी कतारचे उदाहरण देतो. २०१४ साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेतल्या कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध तक्रार दाखल केली, आणि तिचा एक आधार हाच क्रमांक २९ होता. २०१७च्या नोव्हेंबरात कतारने सुधारणांचा करार केल्यावर ती तक्रार मिटवण्यात आली. २०१८ साली दोह्यात श्रम संघटनेचे कार्यालय उघडले. देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी लागायची, ती बहुतेक कामगारांसाठी त्याच वर्षी गेली आणि घरकामगारांसाठी २०२०च्या जानेवारीत. २०२० सालच्या कायद्याने मालकाच्या ना-हरकत दाखल्याविना नोकरी बदलण्याची मुभा मिळाली. २०२१च्या मार्चपासून किमान पगार १००० रियाल ठरला. मालकाने राहण्याखाण्याची सोय केली नाही, तर वर ५०० आणि ३०० रियाल द्यायचे. अंमलबजावणीत खोट पुष्कळ राहिली, ते मी नाकारत नाही. पण आज दोह्यातला आपला मुलगा "एनओसी लागत नाही" असे तोंडावर म्हणू शकतो, त्यामागे जिनिव्हात दाखल झालेला एक कागद आहे.

दुसरी पायरी : विमानात बसण्यापूर्वी

सगळ्यांत जास्त काम इथेच असते आणि याच वेळी घाई होते.

एजंटचा परवाना आधी तपासा. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्याला केंद्र सरकारची नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी सगळ्यांना बघता येते. नाव जुळणे पुरेसे नाही, नोंदणी क्रमांक आणि पत्ताही जुळला पाहिजे. मुंबईच्या परवानाधारकाचा "माणूस" म्हणून गावात फिरणाऱ्याकडे स्वतःचा परवाना नसतो. अशा दलालाला दिलेले पैसे बुडाले, की दाद मागायला पावतीही नसते.

एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. पावती घेतलीच पाहिजे. पैसे बँकेतून द्या. रोख मागितली तर का मागतो, ते विचारा. जहाजावर जाणाऱ्यांसाठी नियम वेगळा आणि याहून चांगला आहे, तो पुढे येतो.

पासपोर्टवर ईसीआर म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असा शेरा असेल, तर आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर हा शेरा बहुधा असतो. तो अपमान वाटतो म्हणून पुष्कळ जण टाळायला बघतात, पण खरे तर ते कवच आहे. मंजुरीसाठी करारनामा संगणकावर नोंदवावा लागतो, म्हणजे तुमच्या पगाराचा आकडा भारत सरकारच्या दप्तरी राहतो. शिवाय प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाखांचे संरक्षण. याच वाटेने जाणाऱ्या बाईला घरकामासाठी वयाची तीस वर्षे पूर्ण लागतात.

ही सगळी तपासणी चुकवण्यासाठी दलाल व्हिजिट व्हिसाची वाट दाखवतात. "आधी पर्यटक म्हणून जा, तिथे व्हिसा बदलून देतो." असे कुणी म्हणाले, तर उठून घरी या. मी हे इतक्या कडकपणे लिहितो, कारण व्हिजिट व्हिसावर गेलेल्या बाईचा ना करार नोंदलेला असतो, ना विमा असतो, ना ती तिथल्या श्रम कायद्याच्या यादीत असते. ती नेमक्या कुठल्या घरात आहे, हेसुद्धा वकिलातीला सांगता येत नाही.

आता करारनामा. तो निघण्यापूर्वी हातात हवा, आणि तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत हवा. पगार कुठल्या चलनात, रोजचे तास किती, आठवड्याची सुटी, जादा कामाचा दर, जेवण व राहणे कुणाकडे, परतीचे तिकीट कोण देणार, हे बघा. तिथे पोहोचल्यावर अरबीत दुसरा करार पुढे करतात आणि त्यात पगार कमी असतो, हा प्रकार जुना आहे. सही करायला लावलीच, तर सहीच्या आधी त्या पानाचा फोटो काढून घरी पाठवा.

घरी एक फाईल ठेवा. पासपोर्टची पहिली व शेवटची पाने, व्हिसा, करारनामा, पावत्या, विम्याचा कागद, एजंटचा परवाना, मालकाचे नाव, पत्ता, फोन, आणि पोहोचल्यावर मिळणारे ओळखपत्र (सौदीत इकामा, कुवेतमध्ये सिव्हिल आयडी). यातले सगळे फोनमध्येही हवे आणि घरच्या माणसाच्या ई-मेलवरही, कारण फोन पहिल्याच दिवशी काढून घेतलेला मी ऐकला आहे.

पासपोर्ट पोर्तुगालचा असेल, तर

ही गोष्ट मुख्यतः आपल्याकडची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. मग परदेशात अडचण आली, तर तुमची वकिलात पोर्तुगालची. भारतीय दूतावासाच्या कल्याण निधीवर तुमचा हक्क राहत नाही. गोव्यातली आई पणजीत कितीही खेपा घालो, भारत सरकार त्या देशाकडे तुमच्या वतीने अधिकाराने बोलू शकत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर निघताना जवळच्या पोर्तुगीज वकिलातीचा पत्ता आणि आणीबाणीचा फोन फाईलच्या पहिल्या पानावर लिहा.

तिसरी पायरी : बोटीवर जाणाऱ्यांसाठी

मुंबईत धोबीतलावला गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक राहण्याची ठिकाणे, आहेत. बोटीची वाट बघत आपले तारवटी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आता भरती फोनवर होते, पण तारवट्याचा कायदा आखातातल्या कामगाराच्या कायद्यापेक्षा कितीतरी धारदार झाला आहे, आणि हे बोटीवर जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे नाव सागरी श्रम करार, २००६. तो २०१३ साली लागू झाला, भारताने २०१५ साली स्वीकारला. पनामा, लायबेरिया, बहामा, माल्टा, म्हणजे ज्यांचे झेंडे मालवाहू आणि क्रूझ बोटींवर दिसतात, ते सगळे त्यात आहेत.

त्यातले चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. भरतीसाठी खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका) आणि पासपोर्ट एवढ्यांचाच खर्च तुमचा, व्हिसाचा खर्च बोटीच्या मालकाचा. विश्रांती दर चोवीस तासांत किमान दहा आणि सात दिवसांत किमान ७७ तास. पगार जास्तीत जास्त महिन्याच्या अंतराने. आणि बारा महिन्यांच्या आत मालकाच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क.

भारतात भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. त्याची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. "बोटीवर लावतो, तीन लाख द्या" म्हणणाऱ्याकडे तो परवाना असूच शकत नाही, आणि असला तर पैसे मागितल्याने तो जायला हवा. पुरावा ठेवून महासंचालनालयाकडे तक्रार करा.

मालकाने बोट वाऱ्यावर सोडली तर काय? दोन महिने पगार दिला नाही, किंवा जेवण, पाणी, इंधन पुरवले नाही, किंवा घरी पाठवायला नकार दिला, तर या करारात त्याला खलाशाला बेवारस टाकणे म्हणतात. २०१७च्या जानेवारीपासून प्रत्येक बोटीवर यासाठीच्या आर्थिक हमीचे प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावलेले असणे बंधनकारक आहे. बोटीवर चढलात, की पहिल्या आठवड्यात हे प्रमाणपत्र शोधा आणि त्याचा फोटो काढा. त्यावर विमा देणाऱ्याचे नाव आणि संपर्क असतो. मालक पळाला, तरी तो विमावाला चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी येण्याचा खर्च देण्यास बांधलेला असतो.

तक्रारीच्या दोन वाटा आहेत. एक बोटीवरची. तिची लेखी पद्धत तुमच्या करारासोबत तुम्हाला मिळालीच पाहिजे. दुसरी किनाऱ्यावरची. बोट ज्या बंदराला लागेल, तिथल्या बंदर तपासनिसाकडे जाता येते. तुमचे नाव गुप्त ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. बार्सिलोना असो की मुरगाव, करार स्वीकारलेल्या देशात ही वाट उघडी असते. एक खाचखळगा लक्षात ठेवा. अमेरिकेने हा करार स्वीकारलेला नाही, आणि क्रूझवरचे आपले कितीतरी मुलगे मायामीतून फिरतात. तिथे ही वाट चालत नाही. पुढचे बंदर नसाऊ असेल, तर बहामाने करार स्वीकारला आहे, तिथे करा. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाचे निरीक्षकही मोठ्या बंदरांत असतात, त्यांना संदेश पाठवायला बोट सोडावी लागत नाही. भारतीय खलाशांची संघटना नुसी. तिची अकादमी आपल्या चांदरलाच आहे. सभासद व्हा, नुसते नाव माहीत असून भागत नाही.

चौथी पायरी : तिथे अडचण आलीच, तर

आधी वही. रोजचे तास, मिळालेला पगार, न मिळालेला पगार, कोण काय म्हणाले, तारखेसह. कालनिर्णयाच्या चौकोनात लिहून ठेवलेले तासही चालतात. एका मुलाने तसे पाठवले होते आणि त्याच्या तारखा मालकाच्या हजेरीपेक्षा व्यवस्थित होत्या. पगार बँकेतून येत असेल, तर खातेउतारा हा सगळ्यांत बोलका पुरावा. रोख देत असतील, तर त्याच दिवशी घरी संदेश करा, "आज इतके मिळाले". तो संदेश म्हणजेच नोंद.

मग तिथल्या श्रम कार्यालयात तक्रार. हे टाळून थेट दूतावासात जाणारे खूप आहेत. दूतावास मदत करतो, पण पगार वसूल करून देणारी यंत्रणा त्या देशाची असते आणि तिच्या दप्तरी तुमचा अर्ज नसेल, तर पुढची सगळी साखळी लटकते. मुदतही असते. सौदी, कुवेत, कतारमध्ये नोकरी संपल्यापासून साधारण वर्षभरात दावा लावावा लागतो. "पात्रांव (मालक) चांगला माणूस आहे, देईल" म्हणत मुदत घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

पळून जाऊ नका. जीव धोक्यात असेल, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल, तर अर्थातच निघा, पण सरळ भारतीय दूतावासाच्या दाराशी जा. मित्राच्या खोलीवर लपलात, तर मालक फरार झाल्याची नोंद करतो. सौदीत त्याला हुरूब म्हणतात. एकदा हुरूब लागला, की तक्रारदाराचा आरोपी होतो.

त्याच वेळी घरच्यांनी इकडून मदद संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. परराष्ट्र मंत्रालयाची ही व्यवस्था २०१५ पासून आहे, आणि नातेवाईकाला कामगाराच्या वतीने तक्रार करता येते. क्रमांक मिळतो, तो जपा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क फोन १८००-११-३०९०. गोवा सरकारचे अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे त्याच तक्रारीची प्रत द्या. दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. अडकलेल्याचे राहणे, जेवण, तिकीट, वकील, आणि दुर्दैवाने वेळ आली तर पार्थिव आणणे, हे त्यातून होते. तो मागावा लागतो, आपणहून येत नाही.

अटक झाली तर एकच वाक्य लक्षात ठेवा : "मला माझ्या दूतावासाशी बोलायचे आहे." १९६३च्या व्हिएन्ना वाणिज्य दूतावास कराराच्या कलम ३६ प्रमाणे पकडलेल्या परकीयाला हा हक्क आहे, आणि तो असल्याचे पोलिसांनी त्याला विनाविलंब सांगायचे असते. दूतावासाला मात्र तुम्ही म्हटल्यावरच कळवायचे असते, म्हणून म्हणा. भारत आणि आखाती सहाही देश या करारात आहेत. १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने हेच कलम मोडल्याचा निकाल दिला, तेव्हा महाराष्ट्र-गोव्यात घराघरांत त्याची चर्चा झाली. ते कलम बड्या प्रकरणांपुरते नाही. मस्कतच्या ठाण्यात बसवलेल्या ड्रायव्हरलाही तेच लागू आहे.

पाचवी पायरी : जिनिव्हाला पत्र

वरचे दरवाजे ठोठावूनही काही हलत नसेल, किंवा जीवाला घाई असेल, तर स्थलांतरितांच्या मानवी हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक आहेत. हे पद १९९९ पासून आहे. इथे देशाने करार स्वीकारलेला असण्याची अट नाही, आधी सगळी न्यायालये पालथी घालण्याचीही अट नाही, आणि शुल्क नाही. अर्ज संकेतस्थळावर भरतात, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये. विनाकारण डांबून ठेवले असेल, तर मनमानी स्थानबद्धतेवरचा कार्यगट वेगळा आहे, त्याच अर्जात तोही निवडता येतो.

पत्र एक-दोन पानांचे पुरे. कोण, कुठे, कधीपासून, कुणी केले, कुणाकडे दाद मागितली, काय उत्तर मिळाले, आता काय हवे. मी ज्या साच्यात लिहून देतो तो असा : "दिनांक अमुक रोजी कंपनीने माझा पासपोर्ट काढून घेतला. दिनांक अमुक आणि अमुक रोजी मागूनही परत दिला नाही. अमुक महिन्यापासून पगार दिलेला नाही, एकूण थकबाकी इतकी. राहत्या आवाराबाहेर जाण्यास मनाई आहे. श्रम कार्यालयातील तक्रार क्रमांक अमुक, मदद क्रमांक अमुक. या बाबी करार क्रमांक २९ खालील सक्तीच्या मजुरीच्या खुणा आहेत. पासपोर्ट, थकबाकी आणि मायदेशी परतण्याची परवानगी मिळावी." विशेषणे नकोत. रडणे खरे असते, पण ते या कागदात मावत नाही.

संमतीचा प्रश्न नीट समजून घ्या. प्रतिवेदक त्या सरकारला पत्र लिहितात आणि काही काळाने ते पत्र प्रसिद्धही होते. नाव उघड करू द्यायचे की नाही, हे कामगाराने स्वतः ठरवायचे. बायकोने किंवा भावाने परस्पर "हो" म्हणू नये.

श्रम संघटनेकडे मात्र एकट्या माणसाला तक्रार करता येत नाही. तिथे कामगार संघटनेमार्फतच जावे लागते. एकाच कंपनीत आपले दहा-वीस जण असतील, तर आयटक, इंटक, भारतीय मजदूर संघ यांच्यापैकी कुणाच्या तरी गोव्यातल्या कचेरीत जाऊन प्रकरण ठेवा. कतारचे प्रकरण कामगार प्रतिनिधींमुळेच उभे राहिले, हे वर आलेच आहे.

कुटबणच्या जेटीवर

हे सगळे लिहिताना दक्षिण गोव्यातले कुटबणचे मासेमारी बंदर डोळ्यांपुढून हलत नाही. ओडिशा, झारखंडची मुले आपल्या ट्रॉलरवर मासे ओढतात, हंगामभर बोटीतच जेवतात, बोटीतच झोपतात. २०२४ साली तिथे कॉलरा पसरला आणि मजुरांचे जीव गेले. स्वच्छ पाणी नाही, पुरेसे संडास नाहीत, ही गोष्ट जेटीवर उभे राहिलेल्या कुणालाही दिसत होती. मासेमारीतल्या कामाचा श्रम संघटनेचा २००७चा करार, क्रमांक १८८, बोटीवरच्या राहण्याची, पिण्याच्या पाण्याची, विश्रांतीची आणि लेखी कराराची मोजमापे देतो. भारताने तो स्वीकारलेला नाही.

तरीही हात रिकामे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे घटनेच्या कलम २३ प्रमाणे सक्तीची मजुरीच, असे ठरवले. विशाखा निकालाने १९९७ साली आंतरराष्ट्रीय करार भारतीय कायद्यातली पोकळी भरायला वापरता येतात हे दाखवले. परराज्यातून आलेल्या मजुराला वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचा खर्च मालकाने द्यायची तरतूद सुरक्षा व आरोग्य संहितेत आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गोवा मानवी हक्क आयोग पणजीत आहे. घटनेपासून वर्षाच्या आत साध्या कागदावर, विनाशुल्क तक्रार करता येते, आणि ती मजुरानेच करायला हवी असे नाही, तुम्हीही करू शकता. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१००. मजुराला मराठी-कोकणी येत नसेल, तर त्याच्याबरोबर जा.

शेवटची पायरी : परतताना सही

घरी यायचे तिकीट हातात पडले, की माणूस सगळे विसरतो. तेव्हाच मालक एक कागद पुढे करतो, "हिशेब पूर्ण झाला". वाचता न येणाऱ्या कागदावर सही करू नका. करावीच लागली, तर शेजारी "पगार मिळालेला नाही" असे आपल्या लिपीत लिहा आणि फोटो घ्या. विमानतळावर जाण्यापूर्वी दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करून द्या. आपल्या पश्चात थकबाकीचा दावा चालवण्याचा अधिकार त्याने दुसऱ्याला मिळतो. हे काम भारतात येऊन करणे फार किचकट आहे.

त्या वहिनीचा नवरा आला. दूतावासाने तात्पुरता प्रवासी दाखला दिला, तिकीट कल्याण निधीतून झाले. मुखत्यारपत्राचे त्याला कुणी सांगितले नव्हते, मलाही तेव्हा माहीत नव्हते. चार महिन्यांचा पगार गेला. पुढच्या वर्षी त्याच्याच खोलीतला मये गावचा एक मुलगा परतायला निघाला, तेव्हा मी फोनवर त्याला ते तीनदा बजावले. विमानाच्या दिवशी सकाळी तो रांगेत उभा राहिला आणि सही करून निघाला. आठ महिन्यांनी त्याच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा संदेश आला. तो घेऊन तो माझ्या टेबलाशी आला, तेव्हा ती वहिनी तिथेच बसली होती. धाकट्या दिराचा ई-मायग्रेटचा अर्ज भरायला आली होती. या वेळी पिशवीत करारनामा होता.